कपाखालचे ठिपके
छापखान्यात मधुमेह टाळण्याची मोहीम आली, तेव्हा फॉर्मवर एकजात सगळ्यांनी साळसूदपणे लिहिलं: चहात साखर एक चमचा. नर्सबाई हसल्या आणि थेट चहावाल्या मावशींकडे गेल्या. मावशींनी निमूटपणे कप पालथे घातले. प्रत्येक कपाखाली लाल नेलपॉलिशचे ठिपके. जितके ठिपके, तितके चमचे. “मालकांचे चार? बाइंडरचे पाच?” नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. “आजपासून सगळ्यांना एकच!” मावशी ब्लेडनं ठिपके खरवडत गेल्या. शेवटी खिळ्याला टांगलेला जुना कप उरला. त्याच्या बुडाशी तीन ठिपके. “हा कुणाचा?” “आमच्या ह्यांचा. मशीनवर होते. साखरेनं आधी पाय नेला, मग माणूस.” मावशी तरुणपणापासून इथंच चहा द्यायच्या; तेव्हा ते दोनच चमचे मागायचे. दोघांचं लग्न ठरलं, त्या दुपारी तिसरा मावशींनीच लाजत घातला होता, ठिपकाही हौसेनं रंगवला होता. मावशींनी ब्लेड उचललं आणि तेवढा तिसरा ठिपका खरवडला.