दोन बोटं चांगली कातडी

कुत्रा भुलीखाली गेला तरी डॉक्टर हातात सुरी घेईना. त्याने दिवा हलवला, कापड सरळ केलं, पुन्हा दिवा हलवला. टेबलावर घरचाच कुत्रा होता. नाव बोका. मुलीने लहानपणी हट्टाने ठेवलेलं, आणि तिच्यापुढे कुणाचं काय चालणार?

बोक्याच्या उजव्या कानावर वाटाण्याएवढी गाठ होती. सुई घालून तपासली तेव्हा वाईट निघाली. केस काढून डॉक्टरने तिच्याभोवती पेनाने गोल आखला होता. तेवढं कापायचं.

भूल सांभाळत होती त्याची बायको. तीही जनावरांचीच डॉक्टर. तिने गाठ आणि रेघ यांच्यामध्ये बोट ठेवून पाहिलं. एकच मावलं.

"गाठीभोवतीची दोन बोटं चांगली कातडी घ्यायची, हे सगळ्यांना सांगतोस ना? मग ही रेघ कुणी काढली? डॉक्टरने की बापाने?"

"दोन बोटं घेतली तर कान जातो."

"जाऊ दे की!"

"तिला शब्द दिलाय मी. कान राहील म्हणून."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! परवा त्या आजोबांना काय म्हणालास? कान गेला तरी कुत्रा कुत्राच राहतो. मान हलवली बिचाऱ्यांनी."

ती बरोबर बोलत होती, म्हणूनच त्याला जास्त राग आला.

"आत्ता थोडं घेऊ. कडेला काही उरलंय असं कळलं, तर पुन्हा कापू."

"याचं वय बघ. पुन्हा भूल सोसेल हा?"

तेवढ्यात दार वाजलं. "बाबा, झालं का?"

"बाहेर थांब गं," आईच ओरडली. डॉक्टर दाराकडे बघत राहिला.

"मग तूच काप," तो हळूच म्हणाला.

"कापते. तिला सांगायचं मात्र तू."

बोक्याचं पोट संथपणे हलत होतं, त्याला कशाचा पत्ता नव्हता. डॉक्टरने स्पिरिटचा बोळा घेतला आणि रेघ पुसली. दुसरी काढली, ती थेट कानाच्या मुळाशी. मग सुरी उचलली. शेवटचा टाकाही त्यानेच घातला.

त्याने दार उघडलं तेव्हा मुलगी समोरच उभी होती. तिने त्याच्या बगलेखालून आत डोकावून पाहिलं. बोक्याच्या डोक्याला पट्टी होती.

"कान?"

"काढला."

"खोटारडा आहेस तू, बाबा."

"आहे," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला. "जा आत. शुद्धीवर येतोय तो. पहिला आवाज तुझा ऐकू दे त्याला."