रडूबाईचं लग्न

२०१९ सालची गोष्ट. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई फोनवर रोज एका प्रेमकादंबरीचा नवा भाग वाचायच्या आणि खाली प्रतिक्रियांत लेखिकेला फैलावर घ्यायच्या. "नायक कंपनीचा मालक ना? मग दिवसभर बागेत काय करतो? कंपनी कोण, त्याचा कुत्रा चालवतो?" नायिकेचं नाव त्यांनी रडूबाई ठेवलं होतं. "इतके भाग झाले, हिनं एकदा तरी स्वतःचं ताट धुतलं का?"

"ताई, एवढा संताप होतो तर वाचतेस कशाला?" धाकटी बहीण विचारायची.

"बाकीच्या वाचकांना सावध करायला नको?"

मग उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फोनला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "सुटले एकदाची!" बाई बहिणीला म्हणाल्या, पण रडूबाईचं पुढे काय झालं असेल, या विचाराने त्यांना झोप लागेना.

परवानगी मिळताच त्यांनी फोन उघडला. नायक विमानतळावर निघालेला, रडूबाई अर्ध्या जिन्यात, आणि खाली लेखिकेचा निरोप: "कादंबरी इथेच थांबवते. रोज रागावणाऱ्या बाई दिसेनाशा झाल्या. त्यांच्याशिवाय हिला कुणी वाचकच नव्हता."

बाईंनी तिथल्या तिथे लिहिलं, "खबरदार! त्या रडूबाईचं लग्न लावल्याशिवाय तुमची सुटका नाही."

 

रडूबाईचं लग्न झालं, लेखिकेने दुसरी कादंबरी सुरू केली, आणि डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख बाईंनी आधी तिला विचारून मगच डॉक्टरांना कळवली.