बुधवारची तक्रार

“आजपण तसाच आवाज हाय बघा सायेब. भांडी थरथरत्यात,” शालूबाई म्हणाल्या.

विजयसिंह मागच्या खोलीच्या खिडकीशी उभे राहिले. खाली तळ्याच्या काठावर हवेचं यंत्र घरघरत होतं. तळाशी सोडलेल्या नळ्यांतून हवा सुटत होती आणि पाण्यावर बुडबुडे उठत होते. मांडणीवरची भांडी मात्र गप्प होती.

त्यांनी वही काढली. तारीख, वेळ लिहिली. ही अकरावी तक्रार. दर बुधवारी सकाळी शालूबाईंचा फोन यायचा आणि दहाच्या सुमाराला विजयसिंह शिवाजी पेठेतून चालत यायचे. घरात शालूबाई एकट्याच. मुलगा कोडोलीला. म्हातारीला बोलायला माणूस पाहिजे, आवाज हे निमित्त, हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

“बंद करता येत न्हाय व्हय ते?”

“बंद करून कसं चालंल? गटारीचं पाणी मिसळतंय तळ्यात. त्यावर शेवाळ पोसतं. ते कुजलं की पाण्यातली हवा संपती. मग मासं वर येऊन तोंडं उघडत्यात. मागं काठावर खच पडलेला, आठवतंय न्हवं?”

शालूबाईंना हे सगळं पाठ झालं होतं. तरी त्यांनी चहा टाकत विचारलं, “मग वो?”

मग विजयसिंह बोलत राहिले. नळ्या टाकताना ते स्वतः नावेत कसे होते, पहिले बुडबुडे वर यायला किती वेळ लागला.

“आमची मंडळीपण आलती त्या दिवशी काठावर, बघायला. त्याच साली गेल्या.”

शालूबाईंनी कप पुढं सरकवला.

“हापिसात लई काम असंल.”

“असतं की. पण तक्रार आली म्हटल्यावर यायला पाहिजे.”

“ऱ्हाऊ दे मग चालू. मासं तरी जगतील.”

दुसरा कप संपवून ते उठले. तळ्याच्या कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. मग सावकाश निघाले.

ते वळणाआड गेल्यावर शालूबाईंनी खिडकी लावली आणि पुण्याला फोन जोडला.

“क्रांती, आलतं तुझं बाबा. दोन कप चा घेतला, बोललं चांगलं. रिटायर होऊन आठ म्हैनं झालं, ते मला ठावं न्हाय असंच वाटतंय त्यास्नी अजून.”