अविवाहित असल्याचा दाखला

ते १९६४ साल. गुरुवारी सकाळी संविधान न्यायालयाच्या टंकलेखन खोलीत निकालाची पानं वाटली गेली, आणि तिघी टंकलेखिकांपैकी धाकटीच्या वाट्याला सात, बावीस, एकतीस अशी दहाएक विखुरलेली पानं आली.

पद्धतच तशी होती. निकाल आधी फुटू नये म्हणून पानं पत्त्यांसारखी पिसून तिघींत वाटायची. कुणाला आगापिछा कळायचा नाही. शेवटचं पान न्यायमूर्ती स्वतःच्या हाताने लिहून आणायचे.

खटला साऱ्या शहराला तोंडपाठ होता. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की तिने राजीनामा द्यायचा, असा नियम. टेलिफोन खात्यातल्या एकीने लग्न केलं, राजीनामा द्यायला नकार दिला आणि भांडत भांडत थेट इथवर आली.

धाकटीने दीड महिन्यापूर्वी गुपचूप लग्न केलं होतं. नवरा दूरच्या गावी मास्तर. अंगठी पर्समध्ये, साबणाच्या डबीत. घरी आजारी आई, शिकणाऱ्या दोन बहिणी, आणि मिळवती ती एकटीच. शुक्रवारी बाराच्या आत दरवर्षीचा दाखला लिहून द्यायचा होता: ‘मी अविवाहित आहे.’ खरं लिहिलं तर नोकरी जाणार. खोटं लिहिलं आणि सापडलं, तर तुरुंग.

निकाल शुक्रवारीच होता, अकराला.

“तुझ्या पानांत काय आलंय गं?” शेजारच्या चष्मेवालीने कुजबुजत विचारलं.

“परदेशातला निकाल. तिकडच्या न्यायालयाने असाच नियम रद्द केला. लग्न झालं म्हणून बाईची अक्कल माहेरी राहत नाही, अशा अर्थाचं काहीतरी.”

“मग जिंकली की ती!”

“पण बाविसावं पान ‘तथापि’वर संपतंय.”

चष्मेवालीने कपाळाला हात लावला. “बुडाली बिचारी. तेवीस कुणाकडे?”

“मोठ्या बाईंकडे.”

दोघींनी पुन्हा मशीनवर बोटं ठेवली.

मोठ्या बाई खोलीत सगळ्यांत जुन्या. पानं टाइप झाली की हिरव्या दोऱ्याने ती शिवायचं कामही त्यांचंच. संध्याकाळी हेडक्लार्क गेले की बरोबर दहा मिनिटांनी त्या उठायच्या. साहेबांच्या आधी खुर्ची सोडणं त्यांच्या लेखी गुन्हाच होता.

हेडक्लार्कना सगळे पट्टीसाहेब म्हणायचे. प्रत्येक पानाचा समास ते पट्टीने मोजत. तीन वर्षांपूर्वी एकीचं लग्न उघडकीला आलं, तेव्हा तिच्या राजीनाम्याचासुद्धा समास त्यांनी मोजला होता.

आत्ताही ते टेबलांमधून फिरत होते. “पाव बोट आत घ्या,” ते धाकटीला म्हणाले आणि पुढे गेले.

“कोटाचं बटण बघ,” चष्मेवाली हळूच म्हणाली. “फाइलच्या हिरव्या दोऱ्याने शिवलंय. घरात बाईमाणूस नसलं की असं होतं.”

धाकटीला हसू फुटलं. मोठ्या बाईंनी मान वर केली. “हसायचा पगार मिळत नाही इथे.”

दुपारी धाकटीला राहवेना. ती त्यांच्या टेबलापाशी गेली. “बाई, तेविसाव्या पानावर पहिल्या ओळीत काय आहे?”

“अक्षरं.”

“बाई, सांगा ना.”

बाईंचं लक्ष तिच्या हातातल्या कोऱ्या कागदाकडे गेलं. “दाखला दिला नाहीस अजून?”

“उद्या देते.”

“सोळा वर्षं लिहून देते आहे मी. हात थरथरला की अक्षर बदलतं. बदललेलं अक्षर साहेबांच्या नजरेतून सुटत नाही. ध्यानात ठेव.”

धाकटी परत येऊन बसली. त्यानंतर तिची दोन पानं चुकली.

शुक्रवारी अकरा वाजले. कोर्टात टंकलेखिकांना प्रवेश नव्हता. बातमी शिपाई आणणार होता. साडेअकरा झाले. पावणेबाराला पट्टीसाहेब दाखले गोळा करायला आले. मोठ्या बाईंचा बुधवारीच दिलेला होता. चष्मेवालीने आपला ठेवला.

“तुमचा?”

धाकटीने डोळे मिटून घेतले, उघडले आणि लिहिलं. अक्षर नाचत होतं.

साहेबांनी कागदावर पट्टी ठेवली. “समास चुकलाय. पुन्हा.”

तिने पुन्हा लिहिलं.

“तारखेखाली रेघ नाही. पुन्हा.”

तिसऱ्या कागदाला शाईचा डाग पडला होता म्हणे. धाकटीला कुठेच डाग दिसला नाही. ती चौथा लिहायला बसली, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. साहेबांची पाठ घड्याळाकडे होती.

बाहेर धावती पावलं वाजली. शिपाई दारात धापा टाकत उभा राहिला. “गेला! नियम गेला! फोनवाली जिंकली!”

चष्मेवालीने धाकटीला मिठीच मारली. मोठ्या बाई मशीनवरून हात न काढता म्हणाल्या, “आता सांगायला हरकत नाही. तेविसावं पान. तुझ्या ‘तथापि’पुढे, ‘परदेशातला हा दाखला आमच्यासमोर नसता, तरी आमचं उत्तर हेच असतं.’”

पट्टीसाहेबांनी धाकटीचे सगळे कागद एकत्र केले आणि फाडून टोपलीत टाकले. “समास काही जमला नाही तुम्हाला,” ते म्हणाले.

फोनवाली पुन्हा कामावर रुजू झाली आणि त्याच खात्यात मोठी साहेबीण झाली. न्यायमूर्तींना पुढे फारसं कुणी विचारलं नाही; त्यांचा निकाल मात्र दोन परदेशी न्यायालयांनी उतरवून घेतला, ‘तथापि’सकट. चष्मेवालीने लग्न केलंच नाही. “बंदीच उठली, आता त्यात मजा ती काय?” असं ती शेवटपर्यंत म्हणायची. धाकटी हेडक्लार्क होऊन निवृत्त झाली. समास ती साहेबांच्याच पट्टीने मोजायची.

नियम गेल्यावर कर्मचाऱ्यांच्या विवाहांसाठी उघडलेली नोंदवही अजून टंकलेखन खोलीतल्या कपाटात आहे. तिच्यात धाकटीची ओळ दुसरी आहे. खरं तर पहिली नोंद आपलीच व्हावी म्हणून ती निकालानंतरच्या सोमवारी सकाळी आठलाच, बोटात अंगठी घालून, येऊन बसली होती. पण साहेबांनी वही शुक्रवारी संध्याकाळीच आखून ठेवली होती, आणि पहिल्या ओळीतली शाई केव्हाच वाळली होती: मोठ्या बाईंचं नाव, अकरा वर्षांपूर्वीची तारीख, आणि पतीच्या रकान्यात पट्टीसाहेबांची थरथरत्या हाताची, समासाच्या पार बाहेर गेलेली सही.