खानाचा तातडीचा लखोटा

खानाची मोहोर असलेला लखोटा घेऊन खोरिदाई आणि त्याचा धाकटा भाऊ बेल्गुन अकरा दिवस गोबीच्या वाळवंटातून घोडे पिटाळत होते. वाटेत लुटारूंनी गाठलं, तेव्हा "दादा, तू थांबू नकोस, निरोप पोचव!" असं ओरडत बेल्गुन एकटाच त्यांच्यावर धावून गेला आणि खोरिदाईच्या डोळ्यांदेखत मारला गेला.

वाळवंटापलीकडच्या कुमुल शहराच्या सुभेदाराने लखोट्याची मोहोर फोडली आणि तो खूश होऊन म्हणाला, "खानांना आपल्याकडची खरबुजं खावीशी वाटताहेत!"

"यासाठी माझा भाऊ गेला," खोरिदाई कसाबसा बोलला.

"अरेरे, वाईट झालं," सुभेदार म्हणाला.

मग लगेच पुढे म्हणाला, "बरं, ताजा घोडा घे आणि जाऊन विचारून ये, पिवळी हवीत की हिरवी?"