दोन गोळ्या

गायीपुढं कडबा टाकताना धुळीनं केवळाबाईला शिंकांवर शिंका यायच्या. उदगीरच्या डॉक्टरनं गोळ्या देताना बजावलं होतं, "झोप येते. रात्री एकच घ्या, दिवसा नको." तिच्यापेक्षा नवऱ्यानंच नीट ऐकलं होतं. लातूरचा वेगळा जिल्हा झाला, त्या साली पाऊस फिरकला नाही. कडबा संपत आला, तशी एके दिवशी सकाळीच त्यानं दोन गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "घे, डॉक्टरनंच वाढवून दिल्यात." तिनं गिळल्या. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. गोठ्यात देवणी गाय नव्हती, खुंट्याला नुसतं दावं होतं. नवरा जनावरांच्या बाजारातून येऊन उंबऱ्यात बसला होता. "जागी असतीस तर सोडली नसतीस," तो खाली बघत म्हणाला. केवळाबाई माठाकडं गेली, तळाचं पाणी तांब्यात घेतलं आणि रिकाम्या खुंट्यापाशी ओतलं. "सोडली असती," ती म्हणाली, "पायावर पाणी घालून सोडली असती."