तीनच्या भोंग्याचा पारा

हवामानशास्त्राच्या एमएस्सीसाठी प्रमिला नागपूरचा उन्हाळा मोजत होती. अंगणातल्या तापमापकांच्या पेटीला सासूबाई कबुतरखाना म्हणत. रोज मिलचा तीनचा भोंगा झाला की ती दोन्ही पारे वहीत टिपायची. एक नोंद चुकली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून, असे सरांनी बजावले होते. त्या दिवशी सायकल वाटेत पंक्चर झाली आणि घरी पोचेपर्यंत चार वाजले. प्रमिला पायरीवरच रडू लागली. “रडून काहून राहिली वं? कबुतरखान्यात पाह्य तं आधी!” सासूबाई म्हणाल्या. पेटीतल्या दोन्ही काचनळ्यांवर गोधडीच्या लाल दोऱ्याच्या गाठी होत्या. “मले आकडे कुठं समजतेत? भोंग्याले पारा जिथं होता, तिथं दोरा बांधला.” प्रमिलाने नोंद केली, निरीक्षकाच्या रकान्यात सासूबाईंचे नाव लिहून त्यांना वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी भोंग्याआधीच त्या दोरा घेऊन पेटीपाशी उभ्या होत्या.